बाय अंगणात आली तेव्हा

"आधी ता तांदळाचा पोता गाडीत घाला, मग तुमची ती बॅग!" मी पडवीतून ओरडले.

ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. देवळाकडे ढोल सुरू झाला होता, वाडीतल्या गाड्या एकामागून एक वाटेला लागल्या होत्या, आणि माझा नवरा पायरीवर बसून मऊ फडक्यानं कॅमेऱ्याची लेन्स पुसत होता. आमच्या छबूचं नाक त्यांनी इतक्या मायेनं कधी पुसलं नव्हतं.

"प्रमिला, कोंबड्यो धरलंस मा सगळ्यो?" सासूबाईंनी गोठ्यातून विचारलं.

"धरलंय, आये, धरलंय."

माझं लक्ष कोंबड्यांवर नव्हतंच. ते त्या काळ्या बॅगेवर होतं. घरातून बाहेर पडताना गाडीत बसायचा पहिला मान तिलाच मिळणार हे मला दिसत होतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आमच्या गावात गावपळण असते. दर तीन-चार वर्षांनी देव गांगो कौल देतो आणि अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, जिवंत म्हणून काही मागे ठेवायचं नाही. दारांना कड्या घालायच्या आणि व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, ओलांडून पलीकडे माळावर, राहुट्या ठोकायच्या. तेवढे दिवस गाव देवाचं. माणसानं तिकडे पाऊल टाकायचं नाही. का, कशासाठी, हे कुणी विचारत नाही. मला विचाराल तर बायकांची तीन दिवस झाडलोट आणि सारवण यांतून सुटका होते, एवढं कारण पुरेसं आहे. लग्न होऊन आले तेव्हाची पहिली पळण मला एखाद्या जत्रेसारखी वाटली होती.

पण त्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्याला कारण होती बाय.

सवत कुणाला चुकत नाही म्हणतात. माझी चार पायांची होती. आमचं गाव घाटाच्या अगदी पायथ्याशी, डोंगरातले गवे खाली उतरतात ते आमच्याच मळ्यांत. त्यांतली एक मादी, काळी, आडव्या हाडाची, पायांत गव्यांचे असतात तसे पांढरे मोजे, आणि डावं शिंग खाली गालाकडे वळलेलं. हे हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. मुंबईच्या चुलतभावानं ह्यांना जुना कॅमेरा दिला, आणि त्याच पावसाळ्यात सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या कातळावर, ती मादी ह्यांच्या समोर येऊन उभी राहिली. तिथपासून ह्यांचं जे काही बिनसलं ते बिनसलंच.

ह्यांनी तिचं नाव ठेवलं बाय. आमच्याकडे लाडक्या लेकीला बाय म्हणतात, घरातल्या मानाच्या बाईला म्हणतात. मला ते 'अगो' म्हणत.

श्रावणात नव्या गवतावर बाय. दिवाळीनंतर नाचणीच्या मळ्यात बाय, तोंडात कणसं. थंडीत धुक्यातून नुसती पाठ दिसणारी बाय. वैशाखात आटत आलेल्या कोंडीच्या डोहावर गुडघे टेकून पाणी पिणारी बाय. एकेक ऋतू फ्रेममध्ये बसून पडवीच्या भिंतीवर चढत गेला. भिंतीवर जागा पुरेना, तेव्हा आमच्या लग्नाचा फोटो उतरून माजघरात गेला. मी विचारलं तर म्हणाले, "हयसर उजेड बरो आसा गो. जंगलाच्या फोटोंक उजेड होयो." आणि आमच्या लग्नाला अंधार चालतो, असं मी तोंडावर म्हटलं नाही. मनात म्हटलं.

माझा म्हणून त्यांनी काढलेला एकच फोटो होता. रोलमधला एक शेवटचा उरला होता आणि रोल धुवायला कणकवलीला पाठवायचा होता, म्हणून संपवायला काढलेला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत आणि हातात सूप आहे.

एकदा मी हट्टानं ह्यांच्याबरोबर गेले होते. भर उन्हात कोंडीवर, करवंदीच्या जाळीत आम्ही दुपारभर बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही. मला वाटलं होतं, बरोबर बसू तेवढ्यात दोन शब्द तरी होतील. उन्हं कलली आणि ती आली. खरं सांगते, त्या दिवशी मी तिला नीट बघितलंसुद्धा नाही. मी ह्यांचं तोंड बघत होते. श्वास रोखलेला, ओठ जरासे उघडे, डोळ्यांत पाणी यावं तसं काहीतरी. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हाही मला ते तोंड दिसलं नव्हतं. तेव्हा तर ते भटजींकडे बघत होते.

त्या दिवसापासून माझं मागणं एकच होतं. दागिना नको, मुंबई नको. ह्या माणसानं एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे तसं बघावं. आणि एका जनावराला जे न मागता मिळत होतं ते मला मिळत नव्हतं म्हणून मी आतल्या आत जळत होते. हसणाऱ्यांनी हसावं.

पळणीचा कौल झाला त्या दिवशी देवळात ह्यांनी आणखी एक खूळ काढलं. सगळे उठायला लागले तसे हे पुढे झाले आणि मानकरी भिकाजीतात्यांना म्हणाले, "तात्यानू, देवाक आणखी एक विचारा. मी एकटोच मागे ऱ्हवतंय. घरात नाय, देवळात नाय. नुसतो झाडावर बसान. फोटो काढूचे आसत."

"कोणाचे? देवाचे?"

"गव्यांचे. गाव रिकामो झालो काय ते येतत. मागच्या पळणीक माझ्या अंगणात खुरां उठलेली."

"उठलेली. म्हणान काय आता देवाच्या कामाक साक्षीदार होयो?"

सगळे हसले. पण ह्यांचे वडील मानकऱ्यांतले, शब्द टाकवेना, म्हणून तात्यांनी पाषाणाला तांदूळ लावले आणि गाऱ्हाणं घातलं. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. डावा पडला.

"झाला," तात्या म्हणाले. "देव नको म्हणता. माणसान ऐकूचा."

हे मान खाली घालून बाहेर आले. मी मनातल्या मनात गांगोला नारळ फोडला.

तर असे आम्ही माळावर आलो. पहिल्या दिवशी सगळी मजा. पुरुष पत्ते खेळत होते, पोरं व्हाळात मासे धरत होती, बायकांनी फुगड्या धरल्या होत्या. हे मात्र सकाळपासून व्हाळाच्या काठावर कॅमेरा घेऊन बसलेले. पलीकडे गाव, पण इथून दिसतं काय? फणसांचे शेंडे आणि चार कौलं. तरी बसलेले. मी नवं हिरवं लुगडं नेसले होते. छबूला कडेवर घेऊन त्यांच्याकडे गेले आणि लाज सोडून म्हटलं, "अहो, आमचो एक काढा मा. फुगडी घालताना."

"रोल संपत इलो हा गो," ते गावावरची नजर न काढता म्हणाले. "आणि बाय दिसली तर?"

दिसली तर! दिसली नव्हती अजून, तरी तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. मी उभी होते, तर माझ्यासाठी नव्हतं. मी परत गेले आणि अशी फुगडी घातली की समोरच्या बाईचे हात दुखले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई कोंबड्यांच्या डालग्याशी वाकल्या. "प्रमिला, तांबडी दिसना नाय ती? अंड्यार बसवलेलंय ती."

मला तेव्हा आठवलं. तांबडी घरामागच्या लाकडांच्या खोपीत होती, कोपऱ्यात, पाटीखाली. बाकीच्या मी धरल्या, आणि ती मुकाट अंड्यांवर बसलेली, ती माझ्या डोक्यातूनच गेली. डोक्यात त्या वेळी ती बॅग होती ना!

"आसा, आये," मी ठोकून दिलं. "तळाक बसली हा."

सासूबाई समाधानानं उठल्या आणि शेजारणीला एक जुनी गोष्ट सांगायला लागल्या. फार मागे एका घरानं पळणीत शेळी मागे विसरली आणि त्या घरात वर्षभर आजाऱ्याचं अंथरूण उचललं गेलं नाही. ही गोष्ट त्या दर पळणीला सांगत. मी दर वेळी हसत असे. त्या दिवशी मी छबूच्या कपाळाला हात लावून बघितला.

ह्यांना सांगावं का? सांगितलं असतं तर ते उडी मारून तयार झाले असते. देवाला सांगायला कोंबडीचं निमित्त, आणि गळ्यात कॅमेरा. रिकाम्या गावात ते आणि बाय, दोघंच. नको! कोंबडी मेली तरी चालेल, मी म्हटलं, पण ते होऊ देणार नाही. आणि मग माझं मलाच सुचलं की मीच जायचं.

रात्रभर भजन चाललं. फटफटायला लागलं तशी माणसं जिथल्या तिथे आडवी झाली. हे राहुटीत डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते, बॅग उशाशी. उघडी कोंबडी हातात घेऊन आणली असती तर कलकलून सगळा माळ उठवला असता. पण कोंबडीला अंधारात घातलं की ती गप्प बसते. डालगं घेऊन जावं तर कुणीही विचारणार. माझी नजर बॅगेवर गेली. मी कॅमेरा बाहेर काढला, लेन्स काढल्या, सगळं छबूच्या गोधडीत गुंडाळलं आणि रिकामी बॅग खांद्याला लावून निघाले. कुणी बघितलंच तर म्हणणार, ह्यांच्या कामाला चाललेय. ह्यांचं खूळ गावात कुणाला नवं होतं?

व्हाळाचं पाणी बर्फासारखं गार होतं. पलीकडे चढले आणि गावात शिरले.

आपलंच गाव, पण ओळख देईना. कुठे धूर नाही, कोंबडा आरवत नाही, कुत्रं भुंकत नाही. धुकं परसांतून फिरत होतं. माझ्या पावलांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. मी मनात गांगोची माफी मागत, भिंतीभिंतीनं मागच्या दारी गेले आणि खोपीत शिरले.

तांबडी जागच्या जागी होती. मला बघून पिसं फुलवून तिनं राग दाखवला. मी आधी अंडी उचलली. आणि काय सांगू, त्या बॅगेतले लेन्सचे मऊ कप्पे अंड्यांना असे बसले जसे बेतून केले होते. इतक्या वर्षांत ती बॅग मला पहिल्यांदा आवडली. मग तांबडीला दाबून बसवली, झाकण लावलं. ती एकदा क्वाक् म्हणाली आणि गप्प झाली. मी खोपीतून बाहेर आले, अंगणाच्या कोपऱ्यावर वळले, आणि तिथेच थिजले.

तुळशीशेजारी दगडी दोण आहे आमची, गुरांच्या पाण्याची. तिच्यात तोंड घालून बाय पाणी पीत होती.

फोटोत जनावर केवढं असतं ते कळत नाही. तिची पाठ आमच्या पडवीच्या वाशाला लागत होती. तिनं मान वर केली. तोंडावरून पाणी ठिबकत होतं, श्वासाची वाफ माझ्यापर्यंत येत होती. ते वळलेलं शिंग, इतक्या वेळा फ्रेममध्ये पुसलेलं. माझ्या मनात पहिला विचार काय आला? देवाचा नाही, मरणाचा नाही. मनात आलं, आलीस शेवटी घरात!

मग तिनं नाकातून फुस्स केलं आणि पुढचा खूर आपटला, आणि माझे सगळे विचार पळाले. मी भिंतीला पाठ लावली. भिंतीपलीकडे, आत पडवीत, हिचेच फोटो लटकत होते. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. कोंडीवर ह्यांनी शिकवलेलं तेवढं आठवलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, खोपीकडे बघत होती. मी भिंतीला घासत, एकेक बोट सरकत वाटेतून बाजूला झाले. आणि सरकता सरकता मी तिला बघितलं. कोंडीवर बघायची राहिली होती ती मी आता बघितली. डोळ्यांत निळसर झाक. बरगड्या दिसत होत्या, कानाला फाटलेली खाच. अंगावरची कातडी थरथर हलत होती. ती मला घाबरली होती! इतकी वर्षं जिच्यावर मी जळले, ती थकलेली होती आणि मला भीत होती. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "जा, बाय. जा."

ती गेली. माझ्या इतक्या जवळून गेली की तिच्या अंगाचा ओल्या गवताचा वास पदराला लागला. मागच्या परसातून, पोफळींतून, डोंगराकडे.

मी माळावर कशी परतले ते मला आठवत नाही. तांबडी डालग्याच्या तळाला गेली, अंडी तिच्या पोटाखाली. बॅग उशाशी, कॅमेरा बॅगेत. सासूबाई उठल्या, डालग्यात हात घातला आणि म्हणाल्या, "आसा गो तांबडी!"

"सांगितलंय मा. तळाक होती."

संध्याकाळी उजवा कौल झाला, ढोल वाजला आणि गाव घरी परतलं. मी चूल पेटवतेय तोच अंगणातून हाक आली. "अगो, भायर ये!"

हे दोणीपाशी उकिडवे बसले होते. चिखलात खुरांचे ठसे, आणि त्यांच्या बाजूला भिंतीच्या कडेनं माणसाच्या पावलांचे.

"ही तुझी पावलां हयसर कशी?"

"माझी? कोणाची पण असतीत."

"तुझीच. उजव्या पायाचो आंगठो भायर पडता तुझो."

माझ्या छातीत एकदम काहीतरी उजळलं. ह्या माणसाला माझ्या पायाचा अंगठा ठाऊक होता! मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी बॅग उघडून माझ्यापुढे धरली. आत एक फुटलेलं अंडं सुकलं होतं आणि मोठ्या लेन्सच्या कप्प्यात तांबडं पीस.

मग मी सगळं सांगितलं. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. देवाचं मोडलं म्हणून ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी तेवढंच ऐकलं नाही.

"कॅमेरा खय होतो तेव्हा?"

"छबूच्या गोधडीत."

ते पायरीवर बसले, डोकं दोन्ही हातांत धरून. "अगो, बाय आमच्या अंगणात, तू तिच्या म्होरे, खांद्यार माझी बॅग, आणि बॅगेत कोंबडी!"

मला हसू आलं आणि मी ते पदरात दाबलं. मग त्यांनी मान वर केली. तो राग नव्हता. मत्सर मी इतकी वर्षं घरात पोसला होता, दुसऱ्याच्या तोंडावर तो मला लगेच ओळखता आला. देवानं ह्यांना नको म्हटलं, आणि जिला काही नको होतं तिच्यापुढे बायला आणून उभी केली. ह्यांना ते सोसत नव्हतं, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार गोड वाटत होतं.

"सांग," ते म्हणाले. "पयल्यापासून सांग."

त्या दिवसापासून घरात नवं चालू झालं. रात्रीचं जेवण झालं की हे माझ्यासमोर येऊन बसत. भांडी घासत असले तर तिथे, छबूला थापटत असले तर तिथे. "आज डोळ्यांचा सांग." "कानाची खाच डाव्या काय उजव्या?" "फुस्स केल्यान तेव्हा मान वर होती काय खाली?" मी बोलायला लागले की श्वास रोखून, ओठ जरासे उघडे ठेवून ते माझ्या तोंडाकडे बघत. तेच तोंड! कोंडीवरचं. मी एकेक गोष्ट पुरवून पुरवून सांगत असे. आज वाफ, उद्या खूर, परवा कातडी. सगळं एकदम सांगून टाकायला मी काय खुळी होते?

"खोपीकडे बघी होती म्हणतंस," एकदा ते म्हणाले. "खोपीत काय होता?"

"कोंबडी."

"गवो कोंबडीक बघता?"

"ता तिका विचारा."

मग त्यांनी मोठा कागद लावला आणि रंग काढले. फोटो नाही तर नाही, चित्र तरी काढू म्हणाले. शिमग्याच्या सुट्टीत रोज मला समोर बसवून घ्यायचे. मी सांगायचं, त्यांनी काढायचं. "शिंग आणखी वाकवा," मी म्हणायची. "बरगड्यो दाखवा." आणि ते मुकाट्यानं ऐकत. तसं कौतुक मला आयुष्यात लाभलं नव्हतं. अंगण उमटलं, तुळस उमटली, दोण उमटली, धुकं आणि धुक्यात बाय. हुबेहूब. मी रोज वाट बघत होते ती भिंतीची. भिंत त्यांनी सगळ्यात शेवटी रंगवली.

भिंत रंगवून ते मागे सरले आणि कुंचला धुवायला लागले.

"झाला?" मी विचारलं.

"झाला."

"आणि मी? मी भिंतीक लागान उभी होतंय मा. हिरव्या लुगड्यात."

ते माझ्याकडे खरोखर नवल वाटून बघत राहिले. "तू कशाक? फोटोत कधी फोटो काढणारो येता काय?"

त्यांनी ते मानानं म्हटलं होतं. आपल्या जागेवर बसवलं होतं त्यांनी मला. पण मी उठले आणि चुलीपाशी जाऊन बसले, कारण डोळे भरले होते. इतके दिवस ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना माझ्या तोंडावर दिसत होती ती.

एक गोष्ट मी त्यांना चित्र पुरं झाल्यावर सांगणार होते. सगळ्यात मोठी, म्हणून शेवटी ठेवलेली. त्या पहाटे खोपीत पाटीकडे हात घातला तेव्हा माझ्या हाताला आधी लागलं ते काहीतरी ओलं आणि ऊन होतं. लाकडांच्या आडोशाला वासरू होतं. तांबूस, अंगावरची ओल अजून सुकलेली नाही, नुकतं जन्मलेलं. त्यानं नाक माझ्या तळव्यावर घासलं आणि बोट तोंडात धरून चोखलं. माणूस कुणी नाही म्हणून बाय आमच्या घरी बाळंत झाली होती. मी वाटेतून बाजूला झाले तेव्हा ती खोपीत गेली, त्याला नाकानं ढकलून उभं केलं, आणि पोटाशी घेऊन पोफळींतून नेलं. दोन-तीनदा ते पडलं. ती दर वेळी थांबली.

हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

त्यानंतर बाय कुणालाच दिसली नाही. हे पावसात गेले, थंडीत गेले, कोंडीवर वैशाखभर बसले. इतर गवे दिसले, त्यांचे फोटो काढले, पण त्यांची नावं ठेवली नाहीत. ते चित्र पडवीत मधोमध आहे. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबतो, आणि हे सांगतात, "ह्या आमच्या हिने बघितल्यान."

आता ह्यांना सड्यावर चढवत नाही. संध्याकाळी पडवीत आरामखुर्ची टाकून बसतात. मी तांदूळ निवडत असते. मध्येच कधीतरी ते विचारतात, "अगो, खोपीकडे ती कित्याक बघी होती गो?"

"कोंबडी होती मा थंयसर."

"खरा सांग."

"खराच सांगतंय."

मग ते खुर्चीत जरा पुढे सरतात, हालचाल न करता, आवाज न करता, मी कधी तोंड उघडते त्याची वाट बघत माझ्याकडे बघत राहतात. दिवेलागण होईपर्यंत बघतात. मी मान वर करत नाही. बघू देत.